पंधरा नंबरची हाक

लॅबच्या दारावर टकटक केली की आतून सरांचा पहिला प्रश्न यायचा, "कोनं पाठवलं?" "कोण आहे" असं ते कधी विचारत नसत. कोण आहे हे त्यांना फटीतून दिसतच असे. माणूस आपल्या मनानं येतो, यावर त्यांचा विश्वास नव्हता. शिपाई टपाल घेऊन आला तरी तोच प्रश्न. एकदा खुद्द प्राचार्य आले, तेव्हाही सवयीनं तेच विचारलं गेलं, आणि प्राचार्य गोंधळून "मीच" म्हणाले. तरी दार उघडायला दोन मिनिटं गेली, कारण आतून दोन कड्या होत्या. बाहेरून दोन कुलपं. एका कुलपाची चावी शर्टाच्या खिशात, दुसऱ्याची पँटच्या. दोन्ही एकाच खिशात का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं.

"एक खिसा फाटला तर?" म्हणाले. मग माझ्याकडे रोखून पाहत, "अन् तुले कायले पाह्यजे?"

मी त्यांचा लॅब असिस्टंट. गोंदियातल्या एका खाजगी कॉलेजात, दोन हजार तीन-चारच्या आसपासची ही गोष्ट. माझी नेमणूक हंगामी होती, दर सहा महिन्यांनी प्राचार्यांची सही लागायची. त्यामुळे प्राचार्यांना हसू आलं की मलाही यायचं. सरांना कशानंच यायचं नाही.

सर मूळचे कुठले, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. बोलणं अस्सल झाडीपट्टीचं, म्हणजे इथलेच. पण मला त्यांनी गाव आमगावकडचं सांगितलं, ऑफिसातल्या बाईंना देवरीकडचं, आणि प्राचार्यांना नुसतं "पूर्वेकडलं". गोंदियाच्या पूर्वेला पुढं अख्खं छत्तीसगड पडलंय. जेवणाचा डबा ते उघडत, तेव्हा पाठ आमच्याकडे करत. डब्यात काय असायचं ते मी चार वर्षांत पाहिलं नाही. चहा पीत नसत, कारण चहा बाहेरून येतो आणि बाहेरचा माणूस त्यात काय घालेल याचा भरवसा नाही.

लॅबमध्ये खरा संगणक एकच होता, सरांच्या टेबलाखाली. बाकी वीस ठिकाणी नुसते पडदे आणि कीबोर्ड. वीस पोरं आपापल्या नावानं त्या एकाच यंत्रात शिरायची. यंत्राचा मालक म्हणजे 'रूट'. त्याला सगळं करायची मुभा, आणि त्याचा पासवर्ड फक्त सरांकडे. तो ते दर मंगळवारी बदलत. टाइप करताना डावा हात उजव्या हातावर धरत, अंगणात वाऱ्यात काडी ओढताना धरतात तसा.

पण शिकवायला लागले की हाच माणूस असा खुलायचा, की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करत. प्रोसेसना मिळणारे सिग्नल हा त्यांचा लाडका विषय. पुस्तकात त्याचं एक रुक्ष प्रकरण आहे. सरांनी ते धानाच्या बांधीत, भातलावणीच्या चिखलात, नेऊन उभं केलं होतं.

"रोवणा सुरू हाय," ते फळ्याला पाठ टेकवून सांगत. "बाया वाकून परे लावून राहिल्या. एक एक बाई म्हणजे एक एक प्रोसेस, चालू असलेला प्रोग्राम. धुऱ्यावरून कोनी हाक मारली, तो झाला सिग्नल. बाई लगेच वर पाह्यते का? नाही. हातातली मूठ संपवते, मंग पाह्यते. प्रोसेसचंही तसंच. त्याची पाळी आली का मंग त्याले हाक समजते. अन् हाकेत निरोप नसते बाप्पा. नुसता नंबर असते. पंधरा नंबर म्हणजे, आटप, हात धू, निघ. बाई म्हनू शकते का थांबा, एवढी ओळ संपवतो. म्हनजे पंधरा नंबर अडवता येते, त्याच्यावर आपलं काही करता येते. नऊ नंबर म्हनजे हाकच नाही. मालक येऊन बाईले उचलूनच नेते. तिले विचारतच नाही."

"मालक कोण सर?" कुणीतरी विचारायचं.

"कर्नल. फौजेतला नाही, यंत्राच्या पोटातला मुख्य प्रोग्राम. सगळ्या हाका त्याच्याच तोंडून जातात. एका बाईनं दुसरीले डायरेक्ट हाक मारायची सोय नाही."

पोराची प्रोसेस मेली की बापाला सतरा नंबर जातो, हेही ते असंच सांगत. बापानं विचारपूस केली नाही, तर पोर यादीत तसंच लटकून राहतं, मेलेलं, पण नाव न कटलेलं. त्याला झोंबी म्हणतात. हे सांगताना सर खिडकीबाहेर पाहत. त्यांच्या घरात असं काही झालं असावं, असा मला तेव्हा संशय आला. तो मी ऑफिसातल्या बाईंना सांगितला, आणि आठ दिवसांत कॉलेजभर झाला. संशयाची लागण मला त्यांच्याकडूनच झाली होती. त्यांच्यासारखी अक्कल मात्र आली नाही.

एकदा ओरखडे पडलेली सीडी वाचता वाचता एक प्रोसेस अडकली. सरांनी पंधरा दिला, नऊ दिला, ती हलेना. पोरं हसायला लागली. सर मात्र खूश. "हा सीडीची वाट पाहून राहिला. वाट पाहत असला का नऊ नंबरही त्याच्यापर्यंत पोचत नाही. जागा होईन तवाच मरन." दिवसभर ते अधूनमधून त्या प्रोसेसकडे जाऊन पाहत होते. मी त्यांना एवढी माया करताना दुसऱ्या कशावर पाहिलं नाही.

आणि एक नियम ते दर तासाला घोकून घ्यायचे. साध्या माणसाला फक्त स्वतःच्या प्रोसेसला हाक मारता येते. दुसऱ्याच्या प्रोसेसला मारायला गेलात तर कर्नल परवानगी नाही म्हणून हाकलून देतो. सगळ्यांना मारायचा हक्क एकट्या रूटचा. "तवा कोनाची प्रोसेस मेली, तर कसं मेली हे विचारू नका. कोनं पाठवलं ते विचारा."

त्या वर्षी शेवटच्या वर्षाला सुजाता होती. सालेकशाकडची, रोज पॅसेंजरनं यायची. वडील उन्हाळ्यात तेंदूपत्त्यावर आणि बाकीचे महिने मिळेल त्या मजुरीवर. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखाली पोरीचं दहावीचं, बारावीचं गुणपत्रक लावलेलं, असं तिनंच एकदा सांगितलं होतं. सिग्नलचा भाग तिनं असा मनावर घेतला की मधल्या सुटीतही स्वतःचे प्रोग्राम चालवायची आणि 'किल' ही हाक मारायची आज्ञा टाइप करून त्यांना नंबर देऊन पाहायची. शेजारच्या पडद्यापुढं संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या बसायचा. त्याचा प्रोजेक्ट रेल्वे फाटकावरच्या गर्दीचा होता. गाडीला किती उशीर झाला तर किती वाहनं तुंबतील याचा हिशेब करणारा प्रोग्राम, एकदा सुरू केला की तीन तास चालायचा.

दिवाळीनंतर तो मरायला लागला. पुतण्या अकराला सुरू करायचा, आणि एकच्या सुमारास पडद्यावर एक शब्द यायचा: टर्मिनेटेड. दोन दिवस असं झालं, तिसऱ्या दिवशी त्यानं लॅबमध्येच आरडाओरडा केला. "मेरा प्रोग्राम कोई मार रहा है सर! बगल में ये दिनभर किल किल टाइप करते बैठती है!"

सरांनी तो शब्द वाचला. "पंधरा नंबर," म्हणाले. "आपल्या मनानं मेला नाही. कोनं तरी पाठवला." मग सुजाताकडे वळले. "तू?"

"नाही जी. मी तर माह्याच प्रोग्रामले मारून राहिली. दुसऱ्याच्याले मारताच येत नाही, तुम्हीच शिकवलं ना."

आता कुणालाही वाटेल की इथं प्रश्न मिटला. पण सरांचं डोकं सरळ रस्त्यानं कधी गेलं नाही. सुजाताला मारता येत नाही, हे खरं. म्हणजे मारणाऱ्याजवळ रूटचा पासवर्ड आहे. म्हणजे पासवर्ड चोरीला गेला. आणि लॅबमध्ये सिग्नल सगळ्यांत चांगले कुणाला येतात? जी पोरगी त्यांचा धडा मन लावून शिकली, तीच त्यांच्या संशयात पहिली बसली.

पुतण्या संध्याकाळपर्यंत प्राचार्यांकडे पोचला होता. दुसऱ्या दिवशी सुजाताला लॅबबंदी झाली, आणि शुक्रवारी चौकशी ठरली. पासवर्डची चोरी सिद्ध झाली तर प्रॅक्टिकलला बसू द्यायचं नाही. प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं. सुजाता मला जिन्यात म्हणाली, "वर्ष गेलं तर बाबा आता शिकवत नाही सर. लहान बहीण अजून बाकी हाय." मी "होईल काहीतरी" म्हणालो. हे वाक्य मी फार वेळा वापरतो.

त्याच दुपारी प्राचार्यांनी मला बोलावलं. माझी सहामाही फाइल टेबलावर होती, उघडी. "तुम तो वहीं बैठते हो. काय पाहिलं ते लिहून द्या. नीट लिहा."

मी पाहिलं होतं ते एवढंच, की सुजाता किल टाइप करते. ते तर सगळेच पाहत होते. पण 'नीट' म्हणजे काय ते मला कळत होतं. सरांनी त्या दिवशीच्या प्रोसेसची यादी, यंत्रानं प्रत्येकीला दिलेल्या ओळख-नंबरासकट, छापून भिंतीला लावली होती. तिच्यातून पुतण्याच्या प्रोग्रामचा नंबर मी घेतला, आणि लिहिलं की मी सुजाताला किल टाइप करून पुढं हा नंबर देताना डोळ्यांनी पाहिलं. सही केली. मला खरंच वाटत होतं की तिनंच केलं असणार, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. वाटत असतं तर नंबर भिंतीवरून घ्यावा लागला नसता.

कागदाची एक प्रत सरांकडे गेली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा नंबर तू वाचला? तिच्या पडद्यावर?"

"हो जी."

सरांनी कागद घडी करून पँटच्या खिशात ठेवला.

सुजाता लॅबमध्ये नव्हती, तरी बुधवारी एक वाजता प्रोग्राम मेलाच. मी म्हणालो, म्हणजे ती नव्हे. सर म्हणाले, "मानूस जाते. लावून ठेवलेलं राह्यते." पण आता त्यांना राहवेना. त्यांनी पुतण्याच्या प्रोग्राममध्ये स्वतःच्या हातानं दहा-बारा ओळी घातल्या. पंधरा नंबर आला की मरायचं नाही. कर्नलला विचारायचं, कुणी पाठवला, आणि त्याच क्षणी यंत्रात जे जे चालू आहे त्याची यादी लिहून ठेवायची. "हाकेत निरोप नसते," ते म्हणाले, "पन मारणाऱ्याचं नाव कर्नलजवळ असते. कोनी विचारतच नाही, म्हनून तो सांगत नाही." पुतण्याला त्यांनी पुन्हा सुरू करायला लावलं, आणि आम्ही दोन तास बसून राहिलो. तीनला ओळ उमटली. पाठवणारा: शून्य.

शून्य म्हणजे रूट. खालची यादी वाचायला सर थांबलेच नाहीत.

सर माझ्याकडे वळले. "तुले पासवर्ड कसा समजला?"

मी शपथा घेतल्या, आईची घेतली. त्यांनी मंगळवारची वाट न पाहता पासवर्ड बदलला, आणि गुरुवारी मला लॅबबाहेर स्टुलावर बसवलं. आतून दोन्ही कड्या. आत ते आणि तो पुतण्याचा प्रोग्राम, तिसरं कुणी नाही. बाहेर बसून मी काय विचार करत होतो ते सांगतो. नोकरी जाणार याची मला खात्री होती, आणि सुजाताच चोर ठरावी अशी मी मनातून प्रार्थना करत होतो.

एक वाजून गेला. दार उघडलं तेव्हा सरांच्या हातात यादी होती. त्यांनी मला आत घेतलं, "कोनं पाठवलं" न विचारता.

"बस," म्हणाले. "हे पाह्य. मारणारा हा. अन् याचा बाप हा."

बाप म्हणजे क्रॉन. ठरल्या वेळी ठरलेली कामं आपोआप करणारा यंत्रातला गडी. त्याला एक काम लावून दिलं होतं: दर अर्ध्या तासानं पाहा, कुणाचा प्रोग्राम दोन तासांच्या वर यंत्र अडवून बसला असेल तर त्याला पंधरा नंबर दे. त्या कामाचं नाव होतं 'पहारा'. आणि ते लिहिणाऱ्याची लकब, प्रत्येक तपासणी दोनदा करायची, मी ओळखत होतो, कारण माझ्या चार वर्षांत तशी दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत पोरं चोरून काही चालवतील, म्हणून सरांनीच तो पहारा बसवला होता. सुटी संपल्यावर काढलाही होता. पण कुणी तो काढून टाकेल या भीतीनं त्यांनी तो दोन ठिकाणी ठेवला होता, आणि काढताना एकच काढला. त्यानं कुणाकुणाला मारलं याची नोंदही राहत नव्हती, कारण नोंद पोरं वाचतील म्हणून तीही त्यांनीच बंद केली होती. शोधायला गेले तेव्हा त्यांना स्वतःचाच माग सापडला नाही. एवढ्या शंका काढणाऱ्या माणसानं एकदाही स्वतःवर संशय घेतला नव्हता.

"आता काढून टाकू सर," मी हळूच म्हणालो. "उद्यापासून प्रोग्राम मरणार नाही. आपोआप थंड होईल सगळं."

"अन् पोरगी?"

"तिचं पाहू काही."

सरांनी यादी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मला वाटलं, विचार करताहेत. खरं सांगतो, ते गप्प बसतील अशीच माझी पैज होती. अध्यक्षांच्या पुतण्याचा प्रोजेक्ट आठवडाभर आपण मारला, हे कबूल करून कोण नोकरी घालवेल?

शुक्रवारी प्राचार्यांच्या खोलीत सुजाता वडिलांना घेऊन आली. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. पांढरा सदरा धुतलेला, पण इस्त्री नव्हती. "साहेब," ते उभ्यानंच म्हणाले, "माही पोरगी खोटं नाही बोलत जी. बोलली असती तं मीच घेऊन गेलो असतो घरी." सुजाता खाली पाहत होती. रडत नव्हती, तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

प्राचार्यांनी माझा कागद मोठ्यानं वाचला. नंबरासकट. वाचून झाल्यावर त्यांनी सरांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"पासवर्ड चोरी गेला नाही," सर म्हणाले. "पंधरा नंबर रूटनं पाठवला. रूट म्हनजे मी. माह्या लावलेल्या पहाऱ्यानं मारला. या पोरीनं काही केलं नाही, अन् तिले करताही येत नव्हतं." त्यांनी यादी टेबलावर ठेवली, आणि बोटानं ओळ दाखवली.

पुतण्या यादीवर वाकून पाहत होता, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. मग प्राचार्यांनी माझा कागद उचलला. "मग हे काय? हा म्हणतो, डोळ्यांनी पाहिलं."

सर माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

"ते मीच लिहायले सांगितलं," म्हणाले. "नंबरही मीच दिला."

मी तोंड उघडलं नाही. आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते, पण तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

सुजाता प्रॅक्टिकलला बसली, आणि चांगली पास झाली. सरांकडून महिनाअखेर राजीनामा लिहून घेतला गेला. जाताना त्यांनी दोन्ही चाव्या माझ्या हातात दिल्या. नंतर कुणी म्हणालं रायपूरला आहेत, कुणी म्हणालं शेती करतात. माझी फाइल पुढच्या वर्षी कायम झाली.

त्यांनी ते का केलं असेल, यावर मी खूप डोकं चालवलं. दया केली? की मला जन्मभर पुरेल अशी शिक्षा दिली? की संशयाचं वारं आपणच घातलं, तेव्हा त्यातून निघालेलं खोटंही आपल्याच नावावर पडावं, असा त्यांचा काही हिशेब होता? प्रत्येक उत्तरावर मला संशय येतो.

सात-आठ वर्षांनी सुजाता आमच्याच कॉलेजात प्रॅक्टिकलची बाहेरची परीक्षक म्हणून आली. नागपूरला शिकवत होती. मला वाकून नमस्कार करायला लागली, मी थांबवलं. लॅबमधून फिरता फिरता सरांचा विषय निघाला.

"हुशार मानूस होता," ती म्हणाली. "आज पोरांले सिग्नल शिकवतो तं त्यांचाच रोवणा सांगतो. पन एक गोष्ट मी त्यांले माफ नाही केली सर. तुमच्याकडून तो खोटा कागद लिहवून घेतला त्यांनी. तुम्ही तरी काय करनार, तुमची हंगामी नोकरी."

मी म्हणालो, "हो ना."